मॅपनंतर रेव्ह लिमिटर वाढवावा का? (टर्बो पेट्रोल)

घाटरस्ता, पुणे
रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीचे आकडे इथे सगळ्यांना पाठ असतील: ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर. दिवाळीनंतर स्टेज १ मॅप (इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) मारून घेतला. ट्यूनरच्या डायनोच्या (ताकद मोजण्याच्या यंत्राच्या) कागदावर साधारण १३५ पीएस आणि २३० न्यूटन मीटर दिसतात. गाडी झकास पळते, तक्रार काही नाही.

आता तोच ट्यूनर म्हणतो, "लिमिटर ७२०० करून देतो, वेगळे पैसे नकोत, इंजिन आरामात घेतं." सध्या ६५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास लिमिटर गाडी अडवतो. ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडलं की लिमिटर लागतो, आणि तिसरा टाकेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. म्हणून मोह होतोय.

प्रश्न एवढाच, की ७२००ला नक्की तुटतं काय? "वॉरंटी जाईल" छाप उत्तरं कृपया नकोत, ती मॅप मारला त्याच दिवशी गेली.


अण्णा_५४०
रविवार, सकाळी १०:३०

वाचतोय. माझीही तीच गाडी, तोच मोह.


बोअरवाला, कोल्हापूर
रविवार, सकाळी ११:०५

भावा, आरामात घेतं म्हणणाऱ्याला विचार, लेखी देतोस का?

आमचं मशीन शॉप आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, हीच रोजची कामं. फुटलेली इंजिनं येतात ती दोन तऱ्हांची. एकात कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो, पिस्टन खाली बसलेला, ब्लॉक बहुतेक शाबूत. दुसऱ्यात ब्लॉकला भोक पडलेलं आणि ऑइल चेंबरमध्ये रॉडचा तुकडा. पहिलं इंजिन बूस्टनं (टर्बोनं कोंबलेल्या हवेच्या जादा दाबानं) गेलेलं असतं, दुसरं बहुतेक वेळा रेस करून. दुसऱ्या प्रकारात मी आधी बोल्ट शोधतो. नवा बोल्ट शेजारी धरला की कळतं, जुन्याची मान बारीक झालेली असते, ताणून ताणून. हल्लीच्या गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ठरलेला टॉर्क द्यायचा आणि त्यावर ९० अंश फिरवायचं. म्हणजे बसवतानाच तो हद्दीपर्यंत ताणलेला असतो. त्याच्याकडे शिल्लक किती, ते डायनोच्या कागदावर येत नाही.

बेअरिंगचे शेलही बघतो. वरचा थर जाऊन तांबं दिसायला लागलं, तर ते इंजिन आधीपासून बोंबलत होतं, फक्त कुणी ऐकलं नाही.


क्रँकअँगल, पिंपरी
रविवार, दुपारी १२:४०

बोअरवाल्यांनी मुद्द्याला हात घातलाय. इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे थोडं गणित माझ्याकडून. कंटाळा येणाऱ्यांनी खालचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

या इंजिनाचा बोअर ७४.५ मिमी, स्ट्रोक ७६.४ मिमी. लोक आधी पिस्टनचा सरासरी वेग काढतात: दुप्पट स्ट्रोक गुणिले आरपीएम, भागिले ६०. ६५००ला येतो साडेसोळा मीटर प्रति सेकंद, ७२००ला १८.३. होंडा एस २०००चं इंजिन ९०००ला २५ मीटरच्या पुढे जायचं आणि तरी टिकायचं. ट्यूनर बहुधा याच हिशोबावर आरामात म्हणतोय. हिशोब चूक नाही, अपुरा आहे. बोल्टला वेगाशी देणंघेणं नसतं, त्याला त्वरण कळतं, आणि ते आरपीएमच्या वर्गानं वाढतं. ६५००वरून ७२०० म्हणजे आरपीएम ११ टक्क्यांनी वाढला, पण ताण २३ टक्क्यांनी.

पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ३५० ग्रॅम धरू. माझा अंदाज आहे, वजन केलेलं नाही. ६५००ला वरच्या टोकाला पिस्टन थांबून उलटा फिरतो तेव्हा त्वरण सुमारे २३०० जी. म्हणजे त्या ३५० ग्रॅमला खाली खेचून आणायला रॉडला आठशे किलोंची ओढ द्यावी लागते. ७२००ला तीच ओढ हजार किलोंच्या घरात जाते. दर सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक सिलिंडरमध्ये.

आता बूस्टची गंमत बघा. ज्वलनाचा दाब १०० बार धरला तर पिस्टनवर साडेचार टनांच्या आसपास जोर येतो. आकडा ओढीपेक्षा कितीतरी मोठा, पण तो रॉडला दाबतो, ताणत नाही, आणि दाबाचा भार बोल्टवर येतच नाही. बोल्टची खरी परीक्षा एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी होते. पिस्टन वर येतो तेव्हा डोक्यावर ज्वलन नसतं, त्याला अडवायला काहीच नसतं, सगळी ओढ बोल्टवर. त्या क्षणी बूस्ट किती आहे यानं जवळजवळ काही फरक पडत नाही.

म्हणून "टर्बो आहे, सांभाळून रेस कर" आणि "टर्बो आहे, बिनधास्त रेस कर" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. बूस्ट रॉड वाकवतो, आरपीएम बोल्ट तोडतो. दोन वेगळ्या मर्यादा आहेत.


घाटरस्ता
रविवार, दुपारी १:१५

समजलं. पण मग २३ टक्के म्हणजे जास्त की कमी? कंपनी काहीतरी राखून ठेवतच असेल ना?


क्रँकअँगल
रविवार, दुपारी २:०५

ठेवतेच. पण ती शिल्लक तुमच्या मालकीची नाही. बेस्ट बोल्टवर नव्हे, लाखातल्या सगळ्यात कच्च्या बोल्टवर, जुन्या ऑइलवर, ठोंब्या चालकावर ती खर्च होऊन बसलेली असते.

आणि जोखीम राहू दे बाजूला, मिळकत तरी आहे का ते बघू. पीएस म्हणजे न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२३. तुमच्या कागदावरून वाचून सांगा: ५५००, ६५०० आणि शेवटच्या टोकाला टॉर्क किती दिसतोय?


घाटरस्ता
रविवार, दुपारी २:२०

४३००ला २२०च्या जवळ. ५५००ला १७०. ६५००ला १३५ आणि रेघ खाली घसरतेय.


क्रँकअँगल
रविवार, दुपारी २:५०

झालं मग. ४३००ला तुमच्याकडे १३५ पीएस, ५५००ला १३३, ६५००ला १२५. रेघ तशीच खाली गेली तर ७२००ला १०५ न्यूटन मीटर धरा, म्हणजे १०८ पीएस. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेल्यावर आरपीएम ढोबळमानानं दोन तृतीयांश होतो. ६५००ला बदललात तर ४३००वर उतरता, म्हणजे १२५ पीएसवरून १३५ वर. याचा अर्थ तुम्ही आत्ताच गिअर उशिरा बदलताय. ७२००पर्यंत खेचलंत तर शेवटचे ७०० आरपीएम गाडी कंपनीच्या ताकदीवर धावणार, मॅपच्या नव्हे.

कारण साधं आहे, टर्बो छोटा आहे. १५००लाच पिकअप मिळावा म्हणून तो तसा निवडलाय. वर गेल्यावर टर्बाइनमधून धूर बाहेर पडायला जागा पुरत नाही, मागचा दाब वाढतो, सिलिंडरमध्ये जुना धूर उरतो, आणि कॉम्प्रेसरची हवा देण्याची मर्यादाही संपलेली असते. ज्या टोकाला इंजिन श्वास घेऊ शकत नाही तिथे त्याला फिरवण्याला मी घाबरवण्याच्या सुरात धोकादायक म्हणणार नाही. मी निरर्थक म्हणेन.


विदर्भ_एक्सप्रेस, नागपूर
रविवार, सायंकाळी ६:३०

सगळं बरोबर आहे भाऊ, पण धागा एकाच बाजूला चाललाय.

माझी ऑक्टेव्हिया व्हीआरएस, २.० टीएसआय. कंपनीची २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर. टर्बो बदलून मोठा टाकलाय, इंटरकूलर मोठा, हाय प्रेशर फ्युएल पंप बदललाय. लिमिटर ७०००. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला नेली, घरी स्वतःच्या चाकांवर आलो. या इंजिनाचा स्ट्रोक ९२.८ मिमी, म्हणजे तुमच्या हिशोबानं ७०००ला २१.७ मीटर प्रति सेकंद, पोलोच्या ७२००पेक्षा कितीतरी जास्त.

मी ७००० का केलं ते ऐका. मोठा टर्बो ३५००च्या आधी झोपलेला असतो. मी खाली टॉर्क मागितलाच नाही. ३०० पीएस ४५००ला काढायचे तर ४६८ न्यूटन मीटर लागतात. तेच ६८००ला काढले तर ३१०. आता सांगा, रॉडवर दया कुणी केली?


क्रँकअँगल
रविवार, सायंकाळी ७:१०

दया तुम्हीच केलीत, शंभर टक्के मान्य. धाग्यात हाच मुद्दा यायचा होता. आरपीएमची मर्यादा सुटी ठरत नाही, टर्बोच्या आकाराबरोबर ठरते. तुमच्याकडे वर हवा आहे म्हणून वर जाण्यात अर्थ आहे, आणि खालचा टॉर्क सोडल्यामुळे रॉड वाकण्याची भीती कमी झाली. घाटरस्तांकडे उलटं आहे, वर हवा नाही आणि खाली २३० न्यूटन मीटर.

एक विचारतो. व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलल्या का?


विदर्भ_एक्सप्रेस
रविवार, सायंकाळी ७:२५

नाही. ट्यूनर म्हणाला ७०००पर्यंत चालतात. ७४०० म्हटलं असतं तर बदलायला सांगितलं असतं.


बोअरवाला, कोल्हापूर
रविवार, रात्री ८:४०

शहाणा ट्यूनर आहे, धरून ठेव.

टर्बो गाडीत स्प्रिंग आधी हार मानते, हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्ट बसलेला असतो. इनटेक व्हॉल्व्हचं तोंड ३० मिमी धर, क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर. सव्वा बार बूस्ट म्हणजे नऊ किलो जोर, व्हॉल्व्ह उघडा ठेवण्याच्या बाजूनं. दोन बार केलास तर चौदा. छोट्या इंजिनात व्हॉल्व्ह बसलेला असताना स्प्रिंगचा जोर बहुधा वीस-पंचवीस किलोंचा. त्यातले नऊ-चौदा बूस्टनंच खाल्ले. एक्झॉस्टच्या बाजूला मागचा दाब तोच उद्योग करतो.

मग वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, उडी मारतो. गाडी वर गेल्यावर फडफडते, मिसफायर होते, लोक प्लग आणि कॉइल बदलत बसतात. हेड उघडलं की सीटवर ठोकल्याच्या खुणा दिसतात. नशीब वाईट असेल तर पिस्टनवर व्हॉल्व्हची चंद्रकोर उमटलेली.


वंगणवाली, मुंबई
सोमवार, सकाळी ९:२०

लुब्रिकंटमध्ये काम करते, म्हणून या धाग्यात यावंसं वाटलं. सगळे ७२००बद्दल बोलताहेत. मला घाटरस्तांच्या २००० आरपीएमची जास्त काळजी वाटते.

थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांमध्ये साधारण १५०० ते २५००च्या दरम्यान पूर्ण लोड दिला, तर कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. ऑइलचे बारीक थेंब आणि काजळीचे कण हे त्यातले मुख्य संशयित. हे नेहमीचं नॉकिंग (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं) नाही. नेहमीच्या नॉकिंगला ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेऊन आवरतो. इथे ठिणगीच्या आधीच आग लागलेली असल्यामुळे टायमिंग मागे घेऊन फायदा नाही. दाब एकदम चढतो आणि पिस्टनच्या रिंगांमधला कठडा तुटतो, क्वचित रॉड. ऑइलमधला कॅल्शियमचा डिटर्जंट हे वाढवतो आणि मॅग्नेशियमचा तितका नाही, असं दिसल्यावर ऑइलची सूत्रं बदलली. एपीआय (ऑइलचा दर्जा ठरवणारं अमेरिकन मानक) एसएन प्लस २०१८मध्ये आलं, एसपी २०२०मध्ये, दोन्हीत याची चाचणी आहे. डब्यावर जुनं एसएन एवढंच असेल तर मॅप केलेल्या गाडीत ओतू नका, भले ते कितीही ‘फुली सिंथेटिक’ असो. त्याबरोबर कंपनीचं स्वतःचं मानकही जुळायला हवं.

चढावर पाचव्या गिअरमध्ये १८००ला पाय पूर्ण दाबून "बघ काय टॉर्क आहे" दाखवणारे माझ्या घरातही आहेत. एक गिअर खाली टाका. ३०००वर तोच चढ इंजिनाला कितीतरी सुखाचा.

आणि गाडी गरम झाली म्हणजे पाण्याचा काटा मध्यावर आला असं नाही. ऑइल गरम व्हायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. थंड ऑइलवर ६००० हे गरम ऑइलवरच्या ७०००पेक्षा वाईट.


विदर्भ_एक्सप्रेस
सोमवार, सकाळी १०:००

ताई, आमच्याकडे मे महिन्यात ऑइल थंड कधी असतं ते दाखवा, बघायला येतो.


वंगणवाली, मुंबई
सोमवार, सकाळी १०:१५

तुमच्याकडे प्रश्न उलटा. पातळ झालेलं ऑइल, वर छोट्या फेऱ्यांमुळे त्यात मिसळलेलं पेट्रोल. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, वास घ्या. खूप वरच्या आरपीएमला क्रँक ऑइल घुसळून त्यात हवा मिसळते. फेसाळ ऑइल पंपानं कितीही ढकललं तरी बेअरिंगमध्ये थर टिकत नाही. बोअरवाल्यांनी तांबं दिसलेले शेल सांगितले ना, त्याच्या कारणांपैकी हे एक.


मेलबर्नचा_मन्या
सोमवार, दुपारी १:५०

इथे सुबारूवाल्यांच्या गटात हीच भांडणं इंग्रजीत वाचतो, मराठीत वाचून बरं वाटलं.

पिस्टन वेगाच्या हिशोबाबद्दल एक उदाहरण. जपानी बाजारातल्या एसटीआयचं २ लिटरचं ईजे२० इंजिन, स्ट्रोक ७५ मिमी, रेडलाइन (कमाल आरपीएम) ८०००. म्हणजे बरोबर २० मीटर प्रति सेकंद. अडीच लिटरचं ईजे२५, स्ट्रोक ७९, रेडलाइन साधारण ६७००. म्हणजे साडेसतरा. एकाच घराण्यातली इंजिनं, पण मोठ्या भावाला वेग कमी असूनही मर्यादा कमी. बोअर ९९.५ मिमी असल्यामुळे पिस्टन जड, टर्बो वेगळा, कॅम वेगळे. इथे लोक ईजे२५चा लिमिटर ७५०० करतात आणि नंतर रिंगांचा कठडा तुटला की लिमिटरला दोष देतात. लॉग (चालत्या इंजिनाची नोंद) उघडून बघितला की बहुतेकदा नॉकिंग सापडतं. तेही ४०००च्या आसपास, जिथे बूस्ट सगळ्यात जास्त.


डिझेलभक्त
सोमवार, दुपारी ३:१०

स्विफ्ट डीडीआयएस १.३, मॅप मारलाय. आमचा लिमिटर किती करायचा?


क्रँकअँगल
सोमवार, दुपारी ३:४०

हात लावायचा नाही. डिझेलमध्ये इंधन फवारून, मिसळून, जळायला वेळ लागतो. ४०००च्या पुढे तो वेळच उरत नाही. धूर वाढेल, एक्झॉस्ट तापेल, पिकअप वाढणार नाही. पुढचा प्रश्न.


खोपोलीकर
सोमवार, सायंकाळी ५:३०

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. लिमिटर इंधन बंद करतो. चाकाकडून येणारी ओढ तो बंद करू शकत नाही.

मॅन्युअल गाडीत चौथ्यात ४५००वर असताना गडबडीत तिसऱ्याऐवजी दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर इंजिन ९०००वर. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या प्रमाणात साधारण दुपटीचा फरक असतो. ईसीयूनं इंजेक्टर बंद केले तरी गाडीचं वजन क्रँकला फिरवतच राहतं. बोल्ट, स्प्रिंग, टायमिंग बेल्ट, सगळ्यांची परीक्षा एका झटक्यात. बोरघाट उतरताना एका ओळखीच्या मुलाच्या गाडीत हे झालं. गाडीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. ब्रेकवर वजन पुढे आलं, हात घाईत, दुसरा पडला. गाडी टो करून नेली, हेडमधले व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. त्या गाडीत लिमिटर अगदी कंपनीचा होता.

घाटरस्ता, तुमचं लिमिटरला अडणं घाटात होतंय. तिथे घाईनं गिअर टाकणं कमी करणारा उपाय शोधा. वळणाच्या आधीच तिसऱ्यात राहिलात तर? २२० न्यूटन मीटर आहेत की.


घाटरस्ता
सोमवार, रात्री ८:१५

तिसऱ्यात राहून बघितलं. बाहेर पडताना २६००ला येते आणि लगेच ओढते. खरं सांगायचं तर दुसऱ्यातला आवाज आवडतो म्हणून दुसऱ्यात ठेवत होतो.

ट्यूनरला फोन केला. म्हणाला, "७२०० नको तर ६८०० करू, आणि लिमिटरवर फटाके हवेत का?"


बोअरवाला, कोल्हापूर
सोमवार, रात्री ८:३०

हा ट्यूनर धरून ठेवण्यातला नाही. फटाके म्हणजे ठिणगी बंद किंवा खूप मागे, इंधन चालू. ते इंधन सिलिंडरमध्ये न जळता एक्झॉस्टमध्ये पेटतं, टर्बाइनच्या तोंडावर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळतो आणि टर्बोचा पंखा कडेनं खाल्ला जातो. लिमिटर इंधन बंद करणाराच हवा. थेट इंजेक्शनमध्ये ते एकेका सिलिंडरपुरतं नेमकं करता येतं, तर उगाच बोंबाबोंब कशाला?


अण्णा_५४०
सोमवार, रात्री ९:००

माझ्या भावाच्या गाडीत डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. त्यातही लिमिटर वाढवता येतो का? फक्त माहिती म्हणून.


विदर्भ_एक्सप्रेस
सोमवार, रात्री ९:२०

इंजिनाचा वाढवून काही होत नाही. गिअरबॉक्सचा संगणक वेगळा, तो त्याच्या ठरलेल्या आकड्याला वरचा गिअर टाकणारच. दोन्ही मॅप करावे लागतात. आणि छोटा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० असेल तर त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर. तिथे आरपीएमच्या आधी टॉर्कचा विचार करा. माझ्यात ओल्या क्लचचा सहा गिअरवाला आहे.


क्रँकअँगल
मंगळवार, सकाळी ८:५०

घाटरस्ता, महाबळेश्वरला जात असाल तर एक जास्तीचं. गाडीत दोन आरपीएम आहेत, मीटरवर एकच दिसतो. टर्बोचा पंखा मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फिरतो, आणि उंचीवर तो जास्त पळतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १ बार. सव्वा बार बूस्टसाठी कॉम्प्रेसरला हवा सव्वादोन पट दाबायची असते. महाबळेश्वर १३५० मीटरवर, तिथे बाहेरचा दाब ०.८६ बार. ईसीयूनं मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळांत) तोच एकूण दाब मागितला तर ती पट २.६ होते. कंपनीचा मॅप उंचीवर बूस्ट आवरता घेतो. स्वस्तातल्या मॅपमध्ये बऱ्याचदा ती मर्यादाच उडवलेली असते. ट्यूनरला लिमिटरऐवजी हे विचारा.

दुसरं म्हणजे, ७२००ला एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. थेट इंजेक्शनला इंधन आत टाकायला त्याहूनही कमी वेळ मिळतो. पोर्ट इंजेक्शनकडे दोन फेरे असतात. हाय प्रेशर पंप दाब टिकवू शकला नाही तर मिश्रण तिथेच पातळ होतं. विदर्भ_एक्सप्रेसनी पंप आधी बदलला तो उगाच नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की जास्त आरपीएम म्हणजे जास्त रेसिंग, त्यांच्यासाठी. २०१४पासूनच्या फॉर्म्युला वनच्या १.६ लिटर टर्बो इंजिनांना नियमानं १५,००० आरपीएमची परवानगी होती. तिथपर्यंत कुणी नेत नसे. १०,५००च्या वर इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोवर बांधलेला होता, मग आणखी फिरवून फक्त घर्षण वाढणार. गिअर १२,०००च्या आसपास बदलायचे.


घाटरस्ता
मंगळवार, सकाळी ११:३०

ठरलं. लिमिटर आहे तिथेच. ट्यूनरला सांगितलंय की २५००च्या खालचा टॉर्क २००वर आण आणि उंचीची बूस्ट मर्यादा परत टाक. थोडा हिरमुसला, पण करतो म्हणाला. ऑइल एपीआय एसपी आणि कंपनीच्या मानकाचं मागवलंय. पेट्रोल एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं) मिळेल तिथे टाकतो, नाहीतर ९५. मॅप बदलल्यावर लॉग इथे टाकीन. काय काय घ्यायचं?


मेलबर्नचा_मन्या
मंगळवार, दुपारी २:४०

एकच पुल (एका दमात खेचणं), तिसऱ्या गिअरमध्ये, १८०० ते ६३००, पाय पूर्ण खाली. रस्ता मोकळा हवा, शेजारी लॅपटॉप धरायला माणूस हवा. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे गेलं ते घ्या, सरासरी नको. सरासरीत एक वाईट सिलिंडर लपतो. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब), इनटेक हवेचं तापमान.


क्रँकअँगल
मंगळवार, दुपारी ३:०५

वेस्टगेटची (टर्बाइनला वळसा घालून धूर सोडणाऱ्या झडपेची) स्थितीही घ्या. ५५००च्या वर तो पूर्ण बंद असूनही बूस्ट पडत असेल तर टर्बो संपला, तिथून वर मॅपच्या हातात काही नाही. आणि इनटेक तापमान पहिल्या पुलला बघून समाधान मानू नका. तुमच्या इंजिनात इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच पाण्यानं थंड होणारा आहे, ते पाणी एकदा तापलं की लवकर निवत नाही. ओळीनं तीन पुल घ्या आणि तिसऱ्याचा लॉग टाका.


बोअरवाला, कोल्हापूर
मंगळवार, रात्री ९:१०

आणि ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून घडी उलगडून बघ. उन्हात धरल्यावर चमकलं तर फोटो आधी मला पाठव, मग लॉग.